बोलेल हो, बापही उशिराच बोलला!

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत हे वाक्य मराठीत, सिंधीत, हिंदीत, आगरीत, सगळीकडे ऐकू येतं. पोर दीड वर्षाची होऊन गेली तरी ‘आई’ म्हणत नाही म्हणून आईचा जीव खालीवर व्हायला लागला की सासू, शेजारीण, कधी ओळखीचा डॉक्टरही धीर देतो. बापही उशिराच बोलला होता. जीभ जड असेल, मध चाटवा. बहुतेक वेळा हा धीर खरा ठरतो आणि घोळ तिथेच होतो. ज्या थोड्या घरांत तो खोटा ठरतो, तिथे ते समजेपर्यंत वर्ष-दीड वर्ष निघून गेलेलं असतं.

संपादकांनी यंदा ‘उशीर’ हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा न्यायालयं, लोकल आणि सरकारी फायली असाव्यात. मला आठवल्या त्या कडेवर मूल आणि खांद्याला फायलींची पिशवी घेऊन कर्जत लोकलच्या दाराशी उभ्या असलेल्या बाया. ज्या मुलाला ऐकू कमी येतं आणि ज्याची वाढही मागे आहे, त्याच्यासाठी वेळेत काय करायचं हे ठरवतं कोण, आणि ते ठरलेलं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या दोन खोल्यांत उतरतं कसं, हे पाहायला मी निघाले.

या लेखात ओवी नावाची मुलगी येईल. ती खरी नाही. या भागातल्या घरांत जे घडतं ते एका जागी मांडता यावं म्हणून मी तिला रचलं आहे. तिचं वय २० महिने, घर अंबरनाथ पूर्वेला, आजीचं घर उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, आई मराठी, आजी सिंधी. अशी घरं या पट्ट्यात नवलाची नाहीत.

काचेतून घरी

ओवी ३२ आठवड्यांची असतानाच जन्मली. दीड किलो वजन. तीन आठवडे काचेत होती: ऑक्सिजन, जंतुसंसर्गावर अमिकॅसिनची इंजेक्शनं, काविळीसाठी निळा दिवा. घरी सोडताना कार्डावर डोळे आणि कान, दोन्ही तपासून घ्या असं लिहिलेलं होतं. डोळ्यांचं डॉक्टरांनी बजावून सांगितलं, कारण कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याभरात पाहिला नाही तर दृष्टी जाऊ शकते. ते झालं. कानाचं कुणी बजावलं नाही. ते राहिलं.

काचेत राहिलेल्या बाळाच्या कानाला धोका एकाच बाजूने येत नाही. प्राणवायू कमी पडणं, कावीळ फार चढणं, अमिकॅसिन-जेंटामायसिनसारखी जीव वाचवणारी पण आतल्या कानाला जड जाणारी औषधं, शिवाय गरोदरपणात आईला झालेला रुबेलासारखा संसर्ग. म्हणून अशा बाळाची तपासणी वेगळी हवी, आणि इथे एक बारकावा आहे जो आईबापांना सहसा कुणी सांगत नाही.

नवजात बाळाच्या कानाची सोपी तपासणी म्हणजे ओएई. निरोगी कान स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. त्यावरच ही तपासणी उभी आहे. कानात छोटी बोंडी बसवायची, मशीन आवाज सोडतं, उलट आलेला आवाज टिपतं आणि पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ दाखवतं. बाळ शांत असेल तर काही मिनिटांचं काम. पण ही तपासणी आतल्या कानापर्यंतच पोचते. तिथून पुढे मेंदूकडे जाणारी नस नीट आहे का, हे तिला कळत नाही. जबर कावीळ झालेल्या बाळाचा कान शाबूत आणि नसेचं काम बिघडलेलं, असं होऊ शकतं. ते बाळ ओएईत पास होतं आणि तरी त्याला बोलणं नीट कळत नाही. म्हणूनच पाच दिवसांपेक्षा जास्त काचेत राहिलेल्या बाळांची तपासणी नसेचा मार्ग पाहणाऱ्या बेराच्या पद्धतीनेच करावी, असं अमेरिकेतल्या बालश्रवणविषयक संयुक्त समितीने २००७ मध्ये सांगून ठेवलं आहे. त्याच समितीचा १-३-६ हा हिशेब जगभर चालतो: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू.

ओवी विसाव्या महिन्यात आहे.

एकाआड दुसरं

ओवी अकराव्या महिन्यात बसली. अजून चालत नाही, पलंगाची कड धरून उभी राहते. दोन महिने आधी जन्मली म्हणून वाढीच्या हिशेबात दोन महिने वजा करायचे. तरी १८ महिने उरतात, आणि त्या वयापर्यंत बहुतेक सगळी मुलं चालू लागलेली असतात. म्हणून पहिली धाव फिजिओकडे. ती बरोबरच होती. पण ‘एकंदर वाढच मागे आहे’ हे एकदा फाईलवर आलं की न बोलणंही त्याच खात्यात जमा होतं. चालणं उशिरा, तसं बोलणं उशिरा. कान कुणी पाहत नाही.

याच्या उलटही घडतं. ऐकू न येणारं मूल हाकेला वळत नाही, आपल्याच नादात असतं, नजर कमी देतं. मग कुणी स्वमग्न म्हणतं, कुणी मतिमंद. आणखी एक गंमत शरीरशास्त्रात आहे. तोल सांभाळणारं इंद्रिय आतल्या कानाला लागूनच असतं, त्यामुळे आतला कान बिघडलेली काही मुलं नुसत्या तोलापायी उशिरा बसतात, उशिरा चालतात. पाय दुबळे नसतात. आपण कुठल्या बाजूला कललो हे सांगणारा आतला निरोप येत नाही.

घरचे लोक परीक्षा घेतात ती ताट वाजवून. ओवी वळते. वळणारच, कारण ताटावर डाव आपटणाऱ्या आजीची सावली हलते, फरशी थरथरते, आणि तो आवाज मोठाही असतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. ज्या मुलीला ८० डेसिबलच्या आत काही ऐकू येत नाही, तिला कुकरची शिट्टी पोचते, दार आपटलेलं पोचतं, कॅम्पातल्या अरुंद गल्लीतून कानाजवळून गेलेल्या रिक्षाचा भोंगा पोचतो. आईचं ‘ये गं’ पोचत नाही. ‘ऐकते की, शिट्टी झाली की बघते’ हे घरचं म्हणणं खोटं नसतं. शिट्टी ऐकणं वेगळं आणि बोलणं ऐकणं वेगळं, एवढंच.

दुसरी फसगत हुंकाराची. न ऐकणारी बाळंही पहिले काही महिने हुंकार देतात, खिदळतात. फरक पडतो तो पुढे, जेव्हा इतर बाळं ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ लावू लागतात. साधारण दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत ती माळ लागली नाही तर ते दार ठोठावून सांगणं आहे. पण आजीला आठवतं ते चौथ्या महिन्यातलं खिदळणं. ‘आधी किती आवाज काढायची, नंतर नजर लागली.’

गाडी येते, मूल घरी असतं

मुलांमधले असे दोष वेळेत शोधण्याच्या सरकारी कामात ठाणे जिल्ह्याला पहिलेपणाचा मान आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. व्यवस्था कागदावर चांगली बांधलेली आहे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, ३० प्रकारचे दोष-आजार पाहतं. त्यात जन्मजात बहिरेपणा आहे, वाढीतला उशीर आहे, चालण्यातला उशीर आहे. संशय आला की मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, सगळे म्हणतात तसं डीईआयसीकडे जातं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान आणि बोलणं पाहणाऱ्या मॅडम, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली बसावेत अशी कल्पना आहे. केंद्र जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं असावं, हा नियम. आपल्याकडे जिल्हा रुग्णालय म्हणजे ठाणे.

आता ओवीचं गणित पाहा. अंगणवाडीत बसायला येतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. तिच्या वयाची मुलं वजनाला आणि घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटापुरती येतात. पथकाची गाडी ज्या दिवशी येते त्या दिवशी ताईंनी आठवणीने निरोप धाडला, आई कामावर नसली, ओवीला ताप नसला, तर तिची गाठ पडणार. अंबरनाथच्या जुन्या वस्तीत हे जमतं, कारण ताई घर ओळखतात. बदलापूरच्या नव्या संकुलांत, जिथे अकरा महिन्यांच्या करारावर माणसं राहतात आणि शेजारच्या दारावरची पाटी दरवर्षी बदलते, तिथे आपली अंगणवाडी कोणती हेच अनेकांना माहीत नसतं. सरकारी नजरेतून निसटणारी मुलं नेहमी गरिबाचीच असतात असा आपला एक समज आहे. या पट्ट्यात फ्लॅटमधली मुलंही तितकीच निसटतात.

उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ, मग फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी, आणि १९४९ पासून उल्हासनगर. बराकी गेल्या, कॅम्पांचे आकडे राहिले. इथलं सेंट्रल हॉस्पिटल फक्त उल्हासनगरचं नाही. मुरबाड, कर्जतच्या वाड्यांतून माणसं केसपेपर काढायला याच रांगेत येतात. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय. बाळाच्या कानाचा संशय इथे येतो, पण पक्कं निदान आणि पुढची बांधणी यांसाठी पावलं ठाण्याला नाहीतर मुंबईला वळतात. कुणी नायरला जातं, जिथे ऐकण्या-बोलण्यातल्या दोषांवर काम करणारी माणसं १९६६ पासून तयार होत आहेत. कुणी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत जातं. ती राष्ट्रीय संस्था १९८३ ची, आणि २०२१ पासून तिथे सगळ्या प्रकारच्या अपंगत्वांसाठी मिळून एक शीघ्र हस्तक्षेप केंद्रही चालतं. ओवीसारख्या, एकाच खात्यात न बसणाऱ्या मुलीसाठी हे मोलाचं आहे.

झोपेची परीक्षा

बेरा तपासणीसाठी मूल गाढ झोपावं लागतं. डोक्याला तारा चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचा आणि मेंदूकडे निघालेल्या विजेच्या लाटा मोजायच्या. मूल हललं की लाटा बिघडतात. म्हणून सांगतात, रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, येताना झोपू देऊ नका. इथे आल्यावर दूध पाजा, लागलं तर झोपेचं औषध देऊ.

ही सूचना ज्यांनी लिहिली ते बहुधा रुग्णालयाच्या जवळ राहत असावेत. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. अंबरनाथहून पहाटेची गाडी धरली तरी दादरपर्यंत तासाच्या वर जातो, पुढे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग बस किंवा रिक्षा. चार वाजता उठवलेलं मूल लोकलच्या हेलकाव्यात किती वेळ जागं राहील? डोंबिवली येईपर्यंत बाया आळीपाळीने त्याच्या तळव्याला गुदगुल्या करतात, ओल्या रुमालाने तोंड पुसतात, मोबाइल दाखवतात, डब्यातली अनोळखी बाई टाळ्या वाजवते, जिचा आवाज त्या मुलाला ऐकू येत नसतो. ठाण्याला मान टाकली. दादरला खडबडून जागं. तपासणीच्या खोलीत टक्क डोळे. औषध दिलं तर ओकून टाकलं, पुन्हा द्यायचं तर डॉक्टर हवेत. मग ‘पुढची तारीख घ्या’. पुढची तारीख दीड-दोन महिन्यांनी.

१-३-६ च्या हिशेबातले महिने असे जातात. कुणी हलगर्जी केली म्हणून जातात असं नाही, मूल चुकीच्या स्टेशनवर झोपलं म्हणूनही जातात. जाणत्या आया आदल्या रात्री दादर-माटुंग्याकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम टाकतात. ज्यांचे नातेवाईक तिकडे नाहीत त्यांच्यासाठी मुंबईतलं यंत्र कितीही भारी असलं तरी ते लांबच असतं.

ओवीची बेरा दुसऱ्या खेपेला झाली. दोन्ही कानांत ८० डेसिबलच्या आसपास. ऐकण्याचं मशीन लावा, तीन ते सहा महिने पाहू, मग कॉक्लियरचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा विचार. फिजिओ चालू ठेवा. ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सुरू करा. विशेष शिक्षकांना भेटा. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक टेबलावरून एक कागद.

चोवीस तासांत बसेल एवढंच

प्रत्येक कागद आपापल्या जागी शहाणा असतो. फिजिओ म्हणतात, दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास व्यायाम. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात, रोज तासभर ऐकण्याचे खेळ. ओटीवाल्या हाताच्या बोटांचं काम देतात, विशेष शिक्षक चित्रं ओळखायला देतात. बेरीज केली तर आईच्या दिवसात स्वयंपाकाला आणि पाणी भरायला जागा उरत नाही. दोन आठवडे ती सगळं करते. तिसऱ्या आठवड्यात सगळं सुटतं आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. मला या सगळ्या फिरण्यात एक गोष्ट पटली: चांगली योजना तीच, जिच्यात काय सध्या करायचं नाही हेही लिहिलेलं असतं.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ही योजना कुटुंबाच्या नावाने करायची ठरवली, मुलाच्या नुसत्या नव्हे. मूल नोंदवल्यापासून ४५ दिवसांत पहिली बैठक, दर सहा महिन्यांनी फेरआढावा, उपचार शक्यतो घरात किंवा मूल एरवी जिथे असतं तिथे, आणि सगळी सूत्रं हातात धरणारा एक नेमलेला माणूस. तिथेही सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. पण सूत्रं धरणारा तो एक माणूस ही खरी चीज आहे. आपल्याकडे ते काम आई करते, बिनपगारी, आणि कुणी तिला ते शिकवलेलं नसतं. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘उम्मीद’सारख्या ठिकाणी कुटुंबाला मध्ये ठेवून काम होतं. मात्र तिथे पोचायलाही हीच लोकल आहे.

मग ओवीचा क्रम कसा लागेल? आधी कान, कारण त्याला मुदत आहे. कॉक्लियर लावलेल्या मुलांच्या मेंदूतल्या लाटा मोजून अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत आवाज मिळाला तर मेंदूचा ऐकण्याचा भाग वयाला साजेसा घडतो. सात वर्षांनंतर ते फार अवघड होतं. चालण्याला अशी कडक मुदत नाही. ओवी अडीच वर्षांची होऊन चालली तरी चालणार आहे. कानाबरोबर डोळेही पुन्हा एकदा, कारण ऐकू कमी येणाऱ्या मुलाचं अर्धं जग डोळ्यांवर असतं. आकडी येत असेल तर तिचं औषध या सगळ्याच्या आधी. रंगांची नावं, एबीसीडी, शी-शूची सवय, हे सगळं पुढच्या आढाव्यापर्यंत बाजूला.

आणि जे उरलं ते वेगवेगळं करायचंच नाही. ओवीला पलंगाच्या कडेला उभं करा, हे फिजिओचं काम झालं. हातात रंगीत ठोकळा द्या, हे ओटीचं. मागून आई आवाज काढेल, ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा, हे कानाचं. दहा मिनिटं, तिन्ही टेबलांचे कागद एकदम. अंघोळीच्या वेळी पाण्याचा तांब्या ओतण्याआधी थांबायचं, तिने बघितलं की ‘ओत?’ विचारायचं, मग ओतायचं. हे बोलण्याचं काम. यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नाही, अंघोळ तर रोजच असते.

कॅनडाचे डॅनियल लिंग यांनी ऐकण्याची रोजची परीक्षा सहा आवाजांत बसवली: म, ऊ, आ, ई, श, स. यात जाड्या आवाजापासून बारीकापर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा येतो. तोंडावर हात आडवा धरून, ओठ दिसू न देता, हे सहा आवाज सकाळी मशीन लावल्यावर काढायचे. काल ‘श’ ला वळली आणि आज नाही, तर मशीन बघा, सेल बघा, सर्दी आहे का बघा.

मशीन, पाऊस आणि आजी

कानात बसवायचा मोल्ड मुलाच्या कानाच्या मापाने घडवतात. वीस महिन्यांच्या मुलीचा कान वाढत असतो, त्यामुळे काही महिन्यांत मोल्ड सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. शिट्टी नको म्हणून आई आवाज कमी करते, आणि मशीन असून नसल्यासारखं होतं. नवा मोल्ड म्हणजे पुन्हा एक फेरी. या पट्ट्यातल्या पावसाळ्यात आत ओल धरते. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही तर सकाळी मुकं. जुलैत उल्हास नदी चढली आणि रूळ पाण्याखाली गेले की तारखाही बुडतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली ती साऱ्या देशाने पाहिली. त्या आठवड्यात कुणाकुणाच्या तपासण्या चुकल्या, ती बातमी कुठे येणार?

मशीन सगळेच आवाज मोठे करतं. घरात जीन्सच्या शिलाईचं मशीन धडधडत असेल, टीव्ही चालू असेल, पंखा खडखडत असेल, तर त्या गर्दीत आईचा आवाजही एक होतो. म्हणून पहिली सूचना अगदी फुकटची असते: टीव्ही बंद, जवळ बसा, कानाशी बोला. मूल मशीन ओढून काढतं, तोंडात घालतं. दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात बटनासारखा सेल जाणं जिवावरचं असतं, तेव्हा सेलच्या झाकणाला कुलूप हवंच.

मग आजी. ‘मी सिंधीत बोलते म्हणून पोरीचा गोंधळ होतो का?’ हा प्रश्न तिच्या डोळ्यांत असतो, आणि कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर ‘घरात एकच भाषा ठेवा’ असं सांगूनही टाकलेलं असतं. एकच भाषा हा सल्ला आता जुना झाला आहे. ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने त्या भाषेत भरपूर बोलावं. तुटक्या मराठीत गप्प बसणाऱ्या आजीपेक्षा सिंधीत लाड करणारी आजी ओवीच्या कानाला जास्त उपयोगी. हाताच्या खुणांचंही तसंच. ‘खुणा शिकवल्या तर बोलणार नाही’ ही भीती आपल्या बहिऱ्या मुलांच्या शिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. ज्या मुलीचं ऐकणं आणि समजणं दोन्ही सावकाश चाललं आहे, तिला ‘पाणी’, ‘अजून’, ‘बस’ हातांनी सांगता आलं तर ती कमी रडेल आणि जास्त सांगेल. बोलणं यायचं असेल तर ते येईल.

चाळीस टक्के

पुढचा मुक्काम कागदांचा. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्याने २१ प्रकार मानले. दोन्ही कानांत ७० डेसिबलची उणीव म्हणजे बहिरेपण, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणं. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा. ५० डेसिबलवर अडखळणारं मूल वर्गात मागे पडतं, पण कायद्याच्या दारात बसत नाही. ओवी बसते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखपत्र हातात आलं की मशीनसाठी, कॉक्लियरसाठी केंद्राच्या एडिप योजनेत अर्ज करता येतो. २०१४ मध्ये ती योजना सुधारली तेव्हा प्रत्येक कॉक्लियरमागे सहा लाखांपर्यंत खर्च मान्य झाला, आणि त्याची सूत्रं अली यावर जंग संस्थेकडे आली. जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलासाठी वयाची अट एक ते पाच वर्षं. विसाव्या महिन्यात असलेल्या मुलीला पाच वर्षं लांब वाटतात. मशीनची चाचणी, कमिटी, रांग आणि मध्ये एखादा न्यूमोनिया धरला तर तितकी लांब नाहीत.

आणि ऑपरेशनने काय मिळेल, हे ओवीसारख्या मुलीच्या घरी आधी स्पष्ट सांगायला हवं. शेजारच्या इमारतीतला मुलगा कॉक्लियरनंतर वर्षभरात वाक्यं बोलू लागला, म्हणून ओवीही बोलेल असं नाही. वाढ मागे असलेल्या मुलांची प्रगती सावकाश होते. कुणी हाक ओळखण्यापर्यंत, कुणी थोड्या शब्दांपर्यंत पोचतं. तेही घराला मोठं असतं, पण आधी सांगितलेलं असेल तर. नाहीतर घरात पहिला प्रश्न येतो, ‘एवढं ऑपरेशन करून काय झालं?’ आणि त्याचं उत्तर आईकडे मागितलं जातं.

थेरपीच्या फीसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, बाह्यरुग्ण थेरपीसह. गंमत अशी की नुसतं ऐकू न येणाऱ्या मुलाला ती मिळत नाही. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता हवी. दोन दुःखं असलेल्या मुलीला इथे एक दार जास्त उघडतं. ते दार आहे हे तिच्या आईला सांगणारं कुणी हवं, ते बहुतेक वेळा रांगेत पुढे उभी असलेली दुसरी आई असते. खरं तर या तिन्ही गावांतली सगळ्यात चांगली माहिती-खिडकी मला रांगेतच सापडली. कुठल्या वारी बोर्ड बसतो, कुठल्या खिडकीवर झेरॉक्स मागतात, मोल्ड कोण लवकर देतं, सगळं तिथे कळतं. अपंगांच्या डब्यात चढायला प्रमाणपत्र लागतं हेही तिथेच कळतं, सहसा टीसीने उतरवल्यावर.

तीन स्टेशनं, एक मशीन

कोचीत २००३ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. अब्राहम पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा तोडगा काढला. प्रत्येक प्रसूतिगृहाने ओएई मशीन घेणं परवडणारं नाही, मग एकच मशीन आणि एकच प्रशिक्षित माणूस आठवड्याच्या ठरल्या वारी एकेका रुग्णालयात फिरवायचा. त्या दिवशी तिथली नवजात बाळं तपासायची, काचेतली बाळं बेरासाठी मध्यवर्ती केंद्रात न्यायची, जी बाळं ‘रेफर’ निघाली त्यांना दुसऱ्यांदा बोलवायचं. पुढे केरळने ही चाळणी बरीच पसरवली.

उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर रेल्वेने जेमतेम दहा किलोमीटर आहे. मध्ये अंबरनाथ. स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना प्रसूतिगृहांच्या पाट्या ओळीने दिसतात. पिशवीत मावणारं मशीन घेऊन एक माणूस सोमवारी कॅम्पांत, मंगळवारी अंबरनाथ पूर्वेला, बुधवारी पश्चिमेला, गुरुवारी-शुक्रवारी बदलापूरला फिरू शकतो. लोकलचा पास काढून. बेराचं एक यंत्र आणि ते चालवणारी व्यक्ती कल्याणच्या या बाजूला बसली, तर मुलांना ठाण्यापर्यंत जागं ठेवायची कसरत संपते. यात नवं तंत्रज्ञान काही नाही आणि पैसाही फार नाही.

अवघड काम मशीनचं नाहीच. पहिल्या चाळणीत ‘रेफर’ निघालेल्या बाळांपैकी बहुतेकांचे कान पुढे चांगले निघतात. जन्मानंतर कानात राहिलेलं पाणी, चिकटा यामुळेही मशीन अडतं. म्हणून दुसऱ्यांदा यायचा कंटाळा होतो, आजी म्हणते काही नाही होत, आणि बाळंतीण माहेरी गेलेली असते, मुरबाडला किंवा थेट जळगावला. फोन नवऱ्याच्या नावावर, नंबर बदललेला. कोचीच्या पद्धतीतला खरा खर्च या दुसऱ्या बोलावण्याचा आहे. त्यासाठी आशाताईंच्या वहीत एक रकाना लागेल: कान तपासले का, काय निघालं, पुढची तारीख. काचेतून आलेल्या बाळाच्या नावापुढे खूण. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत त्या तशाही अनेकदा घरी जातात आणि पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. त्या फेऱ्यांमध्ये हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. मात्र शहरात एकेका आशाताईंकडे किती घरं आहेत आणि त्यातली किती भाडेकरूंची, हे बघितल्याशिवाय तो रकाना त्यांच्या माथी मारू नये. आधीच त्यांच्या वहीत रकाने पुष्कळ आहेत, आणि मानधन वेळेवर येत नाही म्हणून त्या दर काही महिन्यांनी मोर्चाला आझाद मैदानावर असतात.